गाडी लहान, माणूस तेवढाच

पोरी, क्लबाची ड्रायव्हरची चाचणी तू पास झालीस याचा मला फार आनंद झाला. येत्या मोसमात कॅलिफोर्नियातल्या त्या बागेत रविवारी येणाऱ्या मुलाबाळांची गाडी तुझ्या हातात असेल. इंजिनाची माहिती तू पुस्तकांतून घेतली आहेस, क्लबातल्या जुन्या मंडळींनी हात धरून दाखवलंही असेल. मी इंग्लंडात आल्यापासून अशाच एका क्लबात गाड्या हाकल्या, रूळ टाकले, घसरलेले डबे उचलले आणि नव्या मुलांना शिकवलं. त्यातून जे पक्कं ठरलं तेवढंच तुला लिहितो. मामाचं म्हणून ऐक, आणि पटेल ते तुझ्या क्लबातल्या इतरांनाही सांग.

आधी मूळ गोष्ट. आपण खऱ्या आगगाडीची साधारण आठपट लहान प्रतिकृती करतो. इंजिन लहान होतं, डबा लहान होतो, रुळांमधलं अंतर लहान होतं. त्यावर बसणारा माणूस मात्र तेवढाच राहतो. खऱ्या रेल्वेत प्रवाशांचं वजन गाडीच्या वजनापुढे किरकोळ असतं. आपल्याकडे हिशेब उलटा आहे. रिकामा डबा सव्वाशे किलोचा धर. त्यावर चार मोठी माणसं बसली की तीनशे किलो झाले. डब्याच्या दुपटीहून जास्त वजन, तेही डब्याच्या वर, उंचावर, आणि हलतंबोलतं. ते मागे वळून बघतं, फोटो काढायला कलतं, मुलाची टोपी पडली की ती धरायला वाकतं. आपल्या गाड्या का घसरतात, वेग कमी का ठेवायचा, ब्रेक कुठून लावायचा, घसरल्यावर आधी काय करायचं, या सगळ्याची उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

ही अडचण जुनी आहे. सर आर्थर हेवुड या इंग्रज गृहस्थाने डर्बीशायरमध्ये डफिल्ड बँक इथल्या आपल्या जागेत १८७४ पासून १५ इंची रेल्वे बांधली. त्याआधी त्याने ९ इंची रूळ करून पाहिला होता. माणसं बसवायला तो पुरेसा स्थिर नाही असं त्याला आढळलं, म्हणून कामाला येईल असा किमान गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर, १५ इंच, असं त्याने ठरवलं. तुझ्या क्लबाचा गेज साडेसात इंच, म्हणजे १९० मिमी. हेवुडने अस्थिर म्हणून सोडून दिलेल्या रुंदीपेक्षाही अरुंद पायावर आपण दर रविवारी लोकांची लेकरं बसवतो. हे सुरक्षितपणे करता येतं, जगभरचे क्लब ते करतात. पण ते शिस्तीनेच करता येतं.

वेग कमी ठेव

वेगाबद्दल मी उपदेश करत नाही, आकडे देतो. तुझ्या मार्गावर १५ मीटर त्रिज्येचं वळण आहे असं समज. ताशी १० किमी वेगाने त्यावरून जाताना भरलेल्या डब्याला बाहेर ढकलणारा जोर त्याच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के असतो. वेग दुप्पट केलास, ताशी २० किमी, की जोर चौपट होतो, म्हणजे एकवीस टक्के. आता डब्याकडे बघ. माणसं बसल्यावर सगळ्याचा मिळून गुरुत्वमध्य रुळापासून सुमारे ४५ सेंमी उंच जातो आणि आधाराची निम्मी रुंदी फक्त साडेनऊ सेंमी. साडेनऊ भागिले पंचेचाळीस केलंस की तेच एकवीस टक्के येतात. म्हणजे ताशी २० किमीला तो डबा उलटण्याच्या अगदी काठावर असतो, आणि हे माणसं सरळ बसलेली असताना. ताशी २० किमी हा सायकलचा साधा वेग आहे. इंजिनात ताकद असते म्हणून तो सहज गाठता येतो. ताशी ८ ते १० किमीच्या वर जाऊ नकोस आणि वळणावर त्याहून कमी ठेव. तुझ्या क्लबाची मर्यादा याहून कमी असेल तर तीच पाळायची.

रेग्युलेटर, म्हणजे इंजिनाला वाफ सोडणारी मूठ, पाहुण्याच्या हातात देऊ नकोस, तो कितीही मोठा किंवा जवळचा असो. वॉल्ट डिस्नेने १९५० मध्ये लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घराच्या आवारात कॅरोलवूड पॅसिफिक नावाची सव्वासात इंची रेल्वे सुरू केली होती. पुलासकट, बोगद्यासकट जवळपास अर्ध्या मैलाचा तो मार्ग होता आणि बायकोच्या नावावरून इंजिनाचं नाव ‘लिली बेल’ ठेवलं होतं. १९५३ साली गाडी चालवणाऱ्या एका पाहुण्याने वळणावर वेग जास्त ठेवला. गाडी घसरली, इंजिन कलंडलं, शिट्टी तुटली आणि तिथून निघालेल्या वाफेने एका पाच वर्षांच्या मुलीला भाजलं. जखम किरकोळ होती, तरी डिस्नेने ती रेल्वे बंद केली. त्याची गाडीची शेड आता ग्रिफिथ पार्कमध्ये लॉस एंजेलिस लाइव्ह स्टीमर्सच्या संग्रहालयात आहे. तिथे जाशील तेव्हा ही गोष्ट आठव. बघायला मजेदार वाटणाऱ्या या इंजिनाच्या पोटात खरी वाफ असते आणि ती कुणाचं वय बघत नाही.

गाडी लावण्याआधी रूळ पायी चाल

खऱ्या रेल्वेत चावीवाला रोज रूळ चालत जातो. आपल्याकडेही ते काम कुणीतरी केलंच पाहिजे, आणि ड्रायव्हरने स्वतः केलं तर उत्तम. हातात हातोडा, पाना, गेजची पट्टी, पाणसळ आणि छोटा झाडू घे. खाली बघत चाल.

पहिली नजर सांध्यांवर, म्हणजे गाडी मार्ग बदलते त्या जागांवर. जिभेचं टोक मुख्य रुळाला घट्ट चिकटतं का, ते बोटाने दाबून बघ. मध्ये एक खडा अडकला तरी जीभ अर्धवट राहते आणि पहिलं चाक एकीकडे, दुसरं दुसरीकडे जातं. चेक रेलच्या फटीत मुलं हौसेने खडी भरतात, ती काढ. तुमच्याकडे ओक असतील तर त्यांची फळं रुळावर पडतात. आमच्याकडेही पानगळीत हीच कटकट असते. आठपट लहान गाडीला एक कठीण फळ म्हणजे खऱ्या गाडीसमोर आलेला धोंडा. हे कुणाला हसण्यासारखं वाटलं तरी तू वाकून उचलत जा.

मग रुळाची पातळी. झाडाची मुळं एका बाजूचा रूळ हळूहळू वर उचलतात. जमिनीखाली बिळं करणारे प्राणी खडीखालची माती काढतात; तुमच्याकडे गोफर, आमच्याकडे मोल. रूळ वरून सरळ दिसतो, पण एका मीटरच्या अंतरात एक बाजू काही मिलिमीटर खाली गेली की त्याला पीळ बसतो. पाणसळ आडवी ठेवून दर काही पावलांवर बघत जा. उतारापेक्षा आणि चढापेक्षा पीळ जास्त घातक असतो.

उन्हाचा विचार कर. १० मीटर लांबीचा अॅल्युमिनियमचा रूळ सकाळ-दुपारच्या ३० अंशांच्या फरकाने जवळपास ७ मिमी वाढतो. पोलादी रूळ साडेतीन मिमी. सांधलेल्या टोकांत फट नसेल तर ही वाढ रुळाला बाजूला ढकलते आणि सकाळी सरळ असलेला रूळ दुपारी वाकडा होतो. म्हणून सकाळची फेरी पुरत नाही. कडक उन्हात जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा चालून ये. फिशप्लेटचे बोल्ट सैल नकोत, पण रूळ जखडून ठेवतील इतके आवळलेलेही नकोत.

शेवटी गेजची पट्टी. वळणावर लाकडी स्लीपरमधले स्क्रू सैल होतात आणि रूळ पसरतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात साडेसात इंची गेज आहे, ईशान्येकडे आणि आमच्याकडे सव्वासात. फरक फक्त सहा मिमीचा. डोळ्याला कळत नाही, चाकाला मात्र बरोबर कळतो. कुणी दुसऱ्या क्लबातून इंजिन किंवा डबा घेऊन आला, तर चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर तुमच्या क्लबाच्या मानकाशी मोजून बघितल्याशिवाय तो रुळावर उतरवू देऊ नका.

हे सगळं झालं की रिकामी गाडी सावकाश एक पूर्ण फेरी फिरव. माणसं त्यानंतर.

चाक आधी चढतं, मग घसरतं

गाडी घसरली की लोक म्हणतात, चाक रुळावरून निसटलं. बहुतेक वेळा त्याआधी चाक रुळावर चढलेलं असतं. चाकाची कड रुळाच्या आतल्या बाजूला घासते, वर सरकते, माथ्यावर येते आणि पलीकडे पडते. नादाल या फ्रेंच अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याचं सूत्र मांडलं. मोठ्या रेल्वेत ते आजही वापरतात. त्याचा सारांश सोपा आहे. चाकावर बाजूने येणारा दाब वाढला आणि वरून येणारं वजन कमी झालं, की चाक चढतं. कड आणि रूळ यांच्यात घर्षण जास्त असेल तर आणखी लवकर चढतं. त्यामुळे अवघड वळणावर रुळाच्या आतल्या कडेला वंगणाचा पुसट हात दे. माथ्यावर मात्र थेंबही नको, नाहीतर इंजिनाची चाकं जागेवर फिरतील आणि ब्रेक धरणार नाही.

आता पीळ का घातक ते लक्षात येईल. डब्याखालची चारचाकी बोगी ताठ असेल, तर पीळ असलेल्या रुळावर तिची तीन चाकं टेकतात आणि चौथं हलकं होतं. तेच चढतं. म्हणून बोगीला स्प्रिंग हवेत, किंवा तिच्या दोन बाजू एकमेकींपासून मोकळ्या हलायला हव्यात. डबा उचलून बोगी हाताने फिरवून बघ. ती फिरायला अडते का? डब्याच्या आधाराचे दोन्ही ठोकळे बोगीवर घट्ट बसलेत का? घट्ट बसलेली बोगी वळणावर वळत नाही, ती रूळ ओलांडून सरळ जायला बघते.

मोठ्या रेल्वेलाही हा प्रश्न होता. १९०७ मध्ये सुरू झालेल्या आपल्या नेरळ-माथेरान मार्गासाठी ओरेनस्टाइन अँड कॉपेल या जर्मन कंपनीने बांधलेली सहा चाकांची इंजिनं घेतली. त्यांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस होते. टोकाच्या आसांना बाजूला सरकायला आणि थोडं फिरायला मोकळीक होती, कारण घाटातल्या त्या अवघड वळणांवर तीन ताठ आसांचं इंजिन टिकलं नसतं. चाकाला वळणाप्रमाणे वागू द्यावं लागतं, हे तेव्हाच्या लोकांनी हेरलं होतं. तूही डबा बांधशील तेव्हा तेच कर.

वरून वजन कमी झालं की चाक चढतं, त्यामुळे रिकामा डबा भरलेल्या डब्यांच्या मध्ये कधी लावू नकोस. वळणावर मागचे डबे त्याला आत ओढतात, ब्रेक लावला की बाहेर ढकलतात, आणि अंगात वजन नसल्याने तो रूळ सोडतो. भरलेले डबे इंजिनाजवळ, रिकामा सगळ्यात शेवटी. माणसं बसवलेली गाडी मागे ढकलत नेणं टाळ. ढकलताना डबे एकमेकांत तिरके होतात आणि ड्रायव्हरला पुढचं टोक दिसत नाही.

माणसं बसवणं हे गार्डचं अर्धं काम

बसण्याचा हिशेबही ऐकून ठेव. चार माणसांच्या त्याच डब्यात चौघेही एकाच बाजूला फक्त १४ सेंमी कलले, तर गाडी उभी असली तरी सगळ्याचा गुरुत्वमध्य रुळाच्या बाहेर जातो आणि डबा उलटतो. चौदा सेंमी म्हणजे वीतभरसुद्धा नाही. बदक दिसलं म्हणून चार माणसं डावीकडे वळून बघू लागली की तेवढं होतं.

प्रत्येक गाडी सुटण्याआधी, प्रत्येक वेळी, एकाच शब्दांत सांगायचं: सरळ बसा, हातपाय आत ठेवा, गाडी पूर्ण थांबेपर्यंत उठू नका, आणि गाडी कलली तरी पाय जमिनीवर टेकवू नका. हे शेवटचं लोकांना सांगत नाहीत, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. डबा डगमगला की माणूस आपोआप पाय खाली सोडतो. पायपट्टी आणि जमीन यांच्यात घोटा सापडतो. दुखापत बहुधा अशीच होते.

लहान मूल मोठ्या माणसाच्या पुढे, त्याच्या दोन हातांच्या आत बसव. जड माणसं डब्याच्या मधोमध. चढताना सगळ्यांनी एकाच बाजूच्या पायपट्टीवर उभं राहायचं नाही. गार्डने डबा धरून ठेवायचा. साडीचा पदर, ओढणी, लांब स्कार्फ यांची टोकं गुंडाळून मांडीवर घ्यायला सांग. चाकं पायाशी असतात आणि कापड क्षणात ओढलं जातं. तुमच्या महाराष्ट्र मंडळाची सहल तिथे येईल तेव्हा हे मराठीत, नाव घेऊन, गोड बोलून सांग, तुझं ऐकतील. मोबाइलने फोटो काढायचेत तर ते स्टेशनावर.

आमच्या जुन्या क्लबांत पाच इंची गाड्यांसाठी जमिनीपासून वर उचललेला मार्ग असतो. तिथे लोक दोन्ही बाजूंना पाय सोडून बसतात आणि डबा उलटू नये म्हणून त्याच्या खाली रुळाला अडणारे दांडे लावतात. तुमचा मार्ग जमिनीवरचा आहे, तिथे असे दांडे नसतील तर माणसं नीट बसवणं हाच आधार.

ब्रेक मागून यावा

पुढे इंजिन, मागे टनभर माणसं. तू एकट्या इंजिनाचा ब्रेक जोरात लावलास तर मागचं वजन पुढे सरकतं, वळणावर डबे तिरके होतात आणि मधला हलका डबा बाहेर फेकला जातो. गाडी ताणलेली ठेवून थांबवायची असेल तर शेवटच्या डब्यावर ब्रेक हवा आणि तिथे जागं असलेलं माणूस हवं. तुमच्याकडे कंडक्टर म्हणतात, आम्ही गार्ड म्हणतो; काम तेच. त्याच्याकडे लाल झेंडा आणि शिट्टी असू दे. निघण्याआधी तू मागे वळून त्याच्या डोळ्यांत बघ, आणि त्याने हात केल्याशिवाय रेग्युलेटर उघडू नकोस. उतार सुरू होण्याआधी वेग कमी कर. उतारावर आल्यावर वेग आवरायला जाशील तर उशीर झालेला असतो.

घसरली, तर पहिली दोन मिनिटं

गाडी कधीतरी घसरेल. चांगल्या क्लबातही घसरते. चाक स्लीपरवर खडखडलं की तो आवाज तुला आधी हातात जाणवेल, मग कानात येईल.

लगेच रेग्युलेटर बंद, गाडी थांबव, शिट्टी दे. चाक आपोआप रुळावर येईल या आशेने एक फूटही पुढे नेऊ नकोस. पुढे सांधा आला तर एका चाकाची घसरण चार डब्यांची होते.

मग माणसं. आवाज शांत ठेवून सगळ्यांना बसून राहायला सांग. गार्ड एकेका डब्यावरून, मुलं आधी, एकाच बाजूने उतरवतो आणि सगळ्यांना रुळापासून लांब सावलीत नेतो. कुणाला लागलंय का, हे प्रत्येकाला विचारायचं. लाजून न सांगणारी माणसं असतात. त्याच वेळी दुसरं कुणी लाल झेंडा घेऊन मागे पळतं, कारण त्याच मार्गावर दुसरी गाडी येत असू शकते. स्टेशनाला कळवून सगळ्या गाड्या थांबव.

कुणाला वाफेने किंवा गरम धातूने भाजलं असेल तर भाजलेला भाग २० मिनिटं वाहत्या साध्या गार पाण्याखाली धर. आपल्या माणसांना हळद, टूथपेस्ट, तूप लावायची सवय असते. लावू देऊ नकोस. बर्फही नको. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नकोस. मूल लहान असेल किंवा चेहरा, हात भाजला असेल तर डॉक्टरकडे पाठवायचंच.

इंजिन कललं असेल तर पाण्याच्या काचेवर विश्वास ठेवू नकोस

हा मंत्र खास वाफेच्या इंजिनासाठी. इंजिन सरळ उभं असताना काचेतली पातळी बॉयलरमधलं खरं पाणी दाखवते. ते एका बाजूला कललं की काच खोटं सांगते. आत फायरबॉक्सच्या छताचा एक कोपरा उघडा पडलेला असू शकतो, आणि वर पाणी नसलेलं छत तापून निकामी होतं. इंजिन नुसतं एका चाकाने खाली उतरलं असेल आणि सरळ असेल तर पाणी भरून ठेव. कललं असेल आणि लगेच सरळ होण्यासारखं नसेल तर आग काढ. कोळसा असेल तर जाळी पाडून. तेल किंवा प्रोपेन असेल तर झडप टाकीपाशी बंद करून. पेटत्या फायरबॉक्समध्ये पाणी ओतू नकोस.

कॅलिफोर्नियात सुकलेल्या गवताची काळजी वेगळी. खाली पाडलेली आग आणि उडालेली ठिणगी, दोन्हींसाठी गाडीवर पाण्याचा डबा आणि फावडं कायम ठेव. आगीच्या मोसमात क्लबाने कोळसा बंद ठेवला असेल तर त्यावर वाद घालू नकोस.

बॅटरीवर चालणारं इंजिन असेल तर मुख्य स्विच बंद करूनच खाली हात घालायचा.

उचलताना पाठ आणि बोटं वाचव

रिकाम्या केलेल्या गाडीलाच हात लावायचा. माणूस बसलेला डबा उचलून रुळावर ठेवण्याचं धाडस कुणी करत असेल तर थांबव. आधी डब्यांमधल्या जोडण्या सोड, दोन्ही बाजूंच्या डब्यांना पाचर लाव.

रिकामा डबा दोघांनी एका वेळी एक टोक उचलून बसवता येतो. इंजिन वेगळं. लहान इंजिन दोन-तीनशे किलोचं असतं, मोठी अर्ध्या टनाच्या वर जातात. ते माणसांनी उचलायचं नसतं. पहार, लाकडी ठोकळे, छोटा जॅक आणि रुळावर टेकवायचा उतरता पाट या वस्तू एका पेटीत भरून स्टेशनावर ठेव. ती पेटी कुठे आहे हे क्लबातल्या प्रत्येकाला माहीत हवं. थोडं उचल, ठोकळा सरकव, पुन्हा थोडं उचल. उचललेलं वजन नुसत्या पहारेवर कधीच ठेवायचं नाही. खाली ठोकळा हवाच.

आज्ञा एकाच माणसाची. तो सांगेल तेव्हा उचलायचं, तो सांगेल तेव्हा सोडायचं. हाताने चौकट धर, बाजूची पट्टी किंवा नळ्या नकोत. त्या तुटतात आणि काही नळ्यांत वाफ असते. चाक आणि रूळ यांच्या मध्ये बोट कधीही, कोणत्याही कारणाने घालायचं नाही. चाक नीट बसलं का ते बघायला डोळे पुरेत. जाड हातमोजे आणि पुढून कडक असलेले बूट घातल्याशिवाय या कामाला येऊ नकोस.

रुळावर बसल्यावर चाकांमधलं अंतर, स्प्रिंग, ब्रेकच्या काड्या, जोडणीची साखळी तपास. मग हाताने ढकलत काही मीटर ने. मोकळी धावली तरच पुढे.

उचलण्याआधी कारण शोध

आता सगळ्यात मोठा कानमंत्र, आणि घाईत सगळ्यात जास्त विसरला जाणारा. गाडी रुळावर चढवली की पुरावा नाहीसा होतो. म्हणून माणसं सुरक्षित झाल्यावर, उचलायच्या आधी, मागे चालत जा. रुळाच्या माथ्यावर कड घासल्याची चमकदार तिरकी रेघ दिसेल. चाक तिथे चढलं. थोडं पुढे स्लीपरवर पहिला घाव दिसेल. तिथे ते पडलं. गाडी थांबली ती जागा महत्त्वाची नाही, चढली ती जागा महत्त्वाची. तिथे खडूने खूण कर, फोटो काढ, गेज मोज, पाणसळ ठेव. कुठल्या डब्याचं कुठलं चाक आधी गेलं, वेग किती होता, कोण कुठे बसलं होतं, हे विसरायच्या आत वहीत लिही.

वही भरत गेली की ती बोलू लागते. वेगवेगळे डबे एकाच जागी घसरत असतील तर दोष रुळाचा. एकच डबा वेगवेगळ्या जागी घसरत असेल तर दोष डब्याचा. एकच डबा एकाच जागी घसरत असेल तर दोघांत थोडा थोडा दोष आहे, आणि बहुधा तिथे पीळ आणि ताठ बोगी यांची गाठ पडते. फक्त ढकलताना, फक्त उतारावर किंवा फक्त एका ड्रायव्हरच्या हातून घसरत असेल तर पद्धत बदलायची. या चार ओळी शेडच्या भिंतीवर लावून ठेव.

कारण सापडेपर्यंत तो डबा बाजूला आणि तो रूळ बंद. तेवढ्यात लोक रांगेत उभे असतील, मुलं रडतील, क्लबातलेच कुणीतरी म्हणेल की सावकाश नेऊ, काही होत नाही. तू नाही म्हण. २०१६ च्या मे महिन्यात माथेरानची गाडी दोनदा घसरल्यावर रेल्वेने ती सेवा थांबवली आणि कित्येक महिने बंद ठेवली. पर्यटक हिरमुसले, माथेरानच्या लोकांचा धंदा बुडाला, तरी थांबवणं योग्यच होतं. शतकभर जुनी, पगारी माणसांची रेल्वे थांबू शकते, तर हौशी लोकांचा क्लब एक दुपार नक्कीच थांबू शकतो.

ब्रिटनमध्ये हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने माणसं वाहून नेणाऱ्या छोट्या रेल्वेंसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली होती. ती हौशी क्लबांनाही लागू होती, कारण चालवणारे हौशी असले तरी बसणाऱ्याचा जीव तोच असतो. तुझ्या क्लबाचे लिखित नियम मागून घे. नसतील तर तू लिहायला बस. तुझ्याइतकी ताजी नजर आत्ता कुणाचीच नाही.

पहिल्या रविवारी गाडी लागायच्या तासभर आधी पोहोच, रूळ पायी चाल, वहीचं पहिलं पान भर आणि काय आढळलं ते मला कळव.